न आठवता शिकलेलं

मागच्या महिन्यात बल्लारपूरहून वर्षाचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले," ती म्हणाली. मग विचारलं, "तुम्ही येता का?" मी येते म्हटलं. पण गेले नाही. तिच्या बाबांच्या, शालिक गुरुजींच्या, समोर जायचं नाही, ही मला लागलेली सवय ते गेल्यावरही सुटली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाच्या पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, संपतात आणि जंगल सुरू होतं, त्या काठावरच्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली. शाळा दोन शिक्षकांची. एक मी, वर्ध्याहून आलेली, जंगलाची आणि विंचवांची सारखीच भीती बाळगणारी. दुसरे शालिक गुरुजी. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, आणि कानावर कायम खडू. लग्नाच्या पंगतीत जेवायला बसले तरी खडू कानावरच. शर्टाच्या खिशात फुटाणे. त्यांच्या सगळ्या शर्टांचे डावे खिसे फुटाण्यांनी मळून गेले होते आणि कौसाबाई, त्यांची बायको, धुताना रोज त्यावरून बोलायची.

फुटाणे पोरांसाठी. पाढा बरोबर आला, शब्द नीट वाचला, की गुरुजींचा हात खिशात जायचा आणि एक फुटाणा पोराच्या तळहातावर पडायचा. एकच. मी एकदा म्हटलं, सुट्टीच्या वेळी सगळ्यांना एकदम वाटून टाकत जाऊ. गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले.

"नाई मॅडम. लगेच. पोट्ट्याचं बरोबर आलं ना, तं त्याच घडीले. सुट्टीत दिला तं त्याले वाटते, सुट्टी झाली म्हणून भेटला."

'लगेच' हा त्यांचा शब्द होता. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले, त्यांनी फुटाणे पाहिले आणि वर्गातच म्हणाले, "गुरुजी, ही तर लालूच झाली." गुरुजींनी खडू कानावरून काढला, फळ्याकडे तोंड केलं आणि लिहिता लिहिताच म्हणाले, "लालूच आधी दाखवते, साहेब. मी मागून देतो." जाताना साहेबांनी दोन फुटाणे मागून घेतले.

गावापासून थोड्या अंतरावर गोंडांचा टोला, त्यांची वेगळी वस्ती, होता. तिथून सुगंधा नावाची मुलगी पहिलीत आली आणि दोन महिने भिंतीला टेकून गप्प बसली. घरी गोंडी बोलणारी ती, आमचं मराठी तिच्या कानावरून जायचं. मी तिला नाव विचारून विचारून थकले. गुरुजींनी काहीच विचारलं नाही. ते आपले माठाजवळ जाऊन बसायचे. एक दिवस तिला तहान लागली, तिनं माठाकडे बघून पुटपुटल्यासारखं "येर" म्हटलं. येर म्हणजे पाणी. पाणी मिळायच्या आधी तिच्या हातावर फुटाणा पडला होता. ती हाताकडे बघत राहिली, मग गुरुजींकडे. दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत गुरुजी मला विचारत होते, "आता हिले गप कसं करावं ते सांगा, मॅडम."

छडी त्यांनी कधी धरली नाही. पण छडीनं पोर शिकत नाही असंही ते म्हणत नसत. "शिकते ना. लवकर शिकते. पण धडा नाई धरत ते, मारणारा धरते. मंग पुढं त्याले पाहूनच पळते."

अशी तीन वर्षं आम्ही एका खोलीत शिकवलं. मग भाद्रपदात गुरुजींना ताप आला. गावात ताप काही नवा नाही. मलेरियाची तपासणी झाली, तो नव्हता. तिसऱ्या दिवशी ते कौसाबाईला आई म्हणून हाक मारायला लागले आणि संध्याकाळी झटके आले. चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला. ताप मेंदूत गेला होता.

दीड महिन्यानं घरी आले. मी लगबगीनं भेटायला गेले. ओट्यावर बसले होते, वाळलेले, पण कानावर खडू. मला बघून उठून उभे राहिले.

"या, या. नवीन आल्या का शाळेवर?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. आत कौसाबाई दाराला धरून उभी होती, तिनं मान हलवली.

जुनं सगळं त्यांना ठाऊक होतं. तीसापर्यंतचे पाढे, पावकी-निमकी, वीस वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं, कुणाच्या बापाची बांधी कुठं. अलीकडची काही वर्षं मात्र पुसली गेली होती, त्यात मीही गेले. आणि नवं काही टिकत नव्हतं. मी पाणी प्यायला आत जाऊन परत आले की उठून उभे राहायचे, "या, या. नवीन आल्या का?" वर्तमानपत्राचं एकच पान दिवसातून पाच वेळा वाचायचे आणि एकाच ठिकाणी हसायचे. मी रोज जायची, रोज नवीन असायची, आणि रोज ते मला त्याच आदरानं गावची माहिती द्यायचे. पहिल्यांदा रडू यायचं. मग मला ते आवडायला लागलं, हे कबूल करते.

अडचण सकाळची होती. साडेसहाला अंघोळ करून, कपडे घालून ते शाळेला निघायचे. त्यांची शाळा म्हणजे जुनी शाळा. गल्ली संपली की तलावाची पाळ लागते. पाळीवर डावीकडे वळलं की वाट गावाला वळसा घालून नव्या इमारतीकडे येते. उजवीकडे जुनी शाळा, जंगलाला लागून असलेली एक खोली, जिथं त्यांनी चौदा वर्षं शिकवलं होतं. त्या बाजूला वाघिणीचा वावर वाढला म्हणून तर शाळा गावात आणली होती. पण ती आणलेली त्यांना आठवत नव्हती. पाय उजवीकडे जायचे.

कौसाबाईनं कडी लावून पाहिलं. गुरुजींनी दार बडवलं. "कौसा, पोट्टे वाट पाहून राह्यले!" दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं कडी काढली आणि स्वतः मागून चालायला लागली. रोज ओढून परत आणायची, रोज भांडण, आणि भांडण त्यांना दहा मिनिटांनी आठवायचं नाही. तिला आठवायचं.

नागपूरला पुन्हा दाखवायला जायचं होतं तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, तुमी चाला. मले डॉक्टरची बोली समजत नाई."

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायचा कंटाळा नव्हता. मेंदूच्या फोटोत दोन्ही कानांच्या वर, आतल्या बाजूला, पांढरे डाग दाखवले. आज काय झालं, कोण भेटलं, हे तिथं साठतं. तापानं तो भाग गेला, तो परत येणार नाही. मग त्यांनी बोट खाली, मधोमध नेलं. "पण शिकणं एकाच जागी होत नाही. इथं खोल आत दुसरी जागा आहे. काय केलं म्हणजे चांगलं मिळतं, एवढंच ती शिकते. हळूहळू, पुन्हापुन्हा करून. ती शाबूत आहे. भीती धरणारी जागा आणखी वेगळी, तीही एका बाजूची वाचली आहे."

कौसाबाई म्हणाली, "मंग त्यायले शिकवता येते?"

"येईल. खूप दिवस लागतील. आणि बक्षीस जागच्या जागी मिळालं पाहिजे, उशीर करून चालणार नाही. एक लक्षात ठेवा, ते शिकले तरी आपण शिकलो हे त्यांना कळणार नाही."

कौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि कितीतरी महिन्यांनी हसली. "लगेच द्या म्हणते. हा माणूस जिंदगीभर दुसरं काय सांगत होता?"

तिचं माहेर ढिवरांचं, तलावात जाळं टाकून वाढलेली बाई. परतीच्या बसमध्ये ती मला सांगत होती, "घाटावर जिथी रोज भात टाकते, तिथी मासोळ्या आपोआप येते. त्यायले कोनं सांगतलं? हा तं माणूस हाये."

गुरुजींना गूळ आवडायचा. दुसऱ्या दिवसापासून ती पदरात गुळाचे खडे बांधून पाळीवर उभी राहायला लागली. हात धरून डावीकडे वळवायची, आणि पाऊल डावीकडे पडलं की त्याच क्षणी खडा तळहातावर. दुसरं पाऊल पडायची वाट बघायची नाही. गुरुजी चकित व्हायचे. "हा काऊन?" "खा नं," ती म्हणायची. रोज "इकडे काऊन?" आणि रोज गूळ. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. हळूहळू हात धरावा लागेना, नुसतं समोर उभं राहिलं की पुरे. मग एका सकाळी ती मुद्दाम झाडाआड थांबली. गुरुजी गल्लीतून आले, पाळीवर चढले, थांबलेही नाहीत आणि डावीकडे वळले. वळताना उजवा तळहात पुढे झाला होता.

त्या दिवशी तीच शाळेच्या दारापर्यंत पळत आली. "वळले वं मॅडम! एकटे वळले!"

मी नंतर त्यांना विचारलं, गुरुजी, या वाटेनं का आलात? जराही न अडखळता म्हणाले, "बदकं उतरले का म्हणून पाहत आलो." दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, तिकडे चिखल आहे. तिसऱ्या दिवशी, सहज. रोज नवं कारण, आणि रोज खरं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा. त्यांच्या आत कुणीतरी दुसरंच वळत होतं आणि गुरुजी त्याची बाजू सांभाळून घेत होते, असं मला वाटायचं. मग घरी जाऊन मी उगाच स्वतःला विचारायची की मी कशा कशाची कारणं देते.

चैत्रात मोह पडायला लागला. कौसाबाई दोन बायांबरोबर पहाटे मोह वेचायला गेली. जुन्या शाळेच्या बाजूला नव्हे. तिकडे ती पाऊल टाकत नसे. गावाच्या दुसऱ्या अंगाला, जिथं कुणाला कधी वाघ दिसला नव्हता. वाकून फुलं वेचणारी बाई वाघाला मागून चार पायांची दिसते म्हणतात. बरोबरच्या बाया ओरडत गावात आल्या. माणसं काठ्या, डबे घेऊन गेली तेव्हा उशीर झाला होता.

गुरुजी ओट्यावर होते. सगळे पुरुष जंगलाकडे गेलेले, बाया गल्लीत घोळक्यानं उभ्या. कुणीतरी मला म्हणालं, "मॅडम, तुमीच सांगा. तुमचं ऐकते ते." वर्षा बल्लारपूरहून यायची होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं.

ते कसे रडले ते मी लिहिणार नाही. पंधरा-वीस मिनिटांनी शांत झाले. डोळे पुसले, आपले डोळे ओले का आहेत म्हणून हाताकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "कौसा कुठी गेली वं?"

मी पुन्हा सांगितलं. खोटं बोलायचं मला सुचलंच नाही. मला वाटलं, त्यांना हे कळण्याचा हक्क आहे. संध्याकाळपर्यंत मी सात वेळा सांगितलं. सातही वेळा त्यांच्यासाठी ती तेव्हाच मेली. पुढच्या चार-पाच दिवसांत गावातल्या कुणालाही त्यांनी विचारलं की लोक त्यांना माझ्याकडे पाठवायचे, आणि मी सांगायची. तेराव्याला वर्षानं सगळ्यांना हात जोडले, आता कुणी खरं सांगू नका, तलावावर गेली म्हणा.

पण तोवर त्यांनी विचारायचंच सोडलं होतं. मी दुरून पाहिलं आहे. स्वयंपाकघराकडे बघायचे, ओठ उघडायचे, आणि ओठ मिटायचे. वर्षानं एकदा भीत भीत विचारलं, "बाबा, आई कुठी हाये?" "असन तलावावर," म्हणाले. म्हणजे ठाऊक नव्हतंच. पण बोलता बोलता उठले आणि घराबाहेर गेले. दुपारभर आले नाहीत.

आणि मी गेले की ते उठून उभे राहायचे, पण "या, या" निघेना. मागे सरकायचे, भिंत लागेपर्यंत. एकदा फार संकोचून म्हणाले, "बाई, वाईट नोका मानू. तुमी चांगल्या दिसता. पण तुमाले पाहून मले उठून पळावं वाटून राह्यलं."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तुमचा चेहरा आणि तो धक्का यांची गाठ पडली आहे. चेहरा आठवत नाही, बातमी आठवत नाही. गाठ राहिली." मी विचारलं, सुटेल का? ते म्हणाले, माहीत नाही.

मी जाणं बंद केलं. पण तेवढ्यात पाळीवरची गोष्ट बिघडली. दुखवट्याच्या दिवसांत तिथं कुणी उभं राहिलं नव्हतं. गुरुजी रोज डावीकडे वळत होते, तळहात पुढे करत होते, आणि तळहात रिकामाच मागे येत होता. असे पंधरा-वीस दिवस. मग ते फाट्यावर थांबायला लागले. मग एके दिवशी उजवीकडे गेले. गुराख्यानं परत आणलं.

वर्षाच्या अंगावर पिणारं लेकरू होतं, घरात पाहुणे होते. मी म्हटलं, उद्या मी उभी राहते गूळ घेऊन. ते मला पाहून मागे सरकतात हे विसरलेच होते, किंवा मला विसरायचं होतं. सकाळी मी पाळीच्या डाव्या तोंडाला उभी राहिले, तळहातावर गुळाचा खडा. गुरुजी गल्लीतून आले. मला पाहिलं. जागच्या जागी थबकले, चेहरा पांढरा पडला, आणि ते उजवीकडे वळून भराभर चालायला लागले. जंगलाकडे. मी हाक मारली तर ते धावायला लागले.

माझ्यापासून पळत होते ते.

मी पाळीखाली उतरले. बांध्या ओलांडून, धसकटांतून पळत, जुन्या शाळेच्या वाटेवर त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. चप्पल कुठं गेली ते कळलं नाही. ते समोरून आले, मला पाहिलं आणि थांबले. मी नुसती उभी राहिले. ते एक पाऊल मागे गेले, मग दुसरं, मग वळले आणि आल्या वाटेनं गावाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी गावानं कोतवालाला उजव्या वाटेवर उभं केलं. गुरुजींनी त्याला नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि "चाला, शाळेपर्यंत सोबत झाली," म्हणून त्यालाच बरोबर घेऊन निघाले. गुरुजींना नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवसापासून वर्षा लेकराला दुखवट्याला आलेल्या सासूजवळ ठेवून डावीकडे गूळ घेऊन उभी राहायला लागली, आणि उजवीकडे मी.

महिनाभर मी तिथं उभी राहिले. सकाळच्या शाळेचे दिवस होते. सहाला जायची, ते वळले की धावत शाळा गाठायची. पाठीमागे जंगल असायचं. वाळलेलं पान वाजलं तरी मान वळवायची नाही, कारण ते केव्हा पाळीवर चढतील सांगता येत नव्हतं आणि त्यांना माझा चेहरा दिसायला हवा होता. तेवढंच माझं काम. ज्या माणसानं आयुष्यात छडी धरली नाही, त्याला मी रोज सकाळी भिववत होते. ते चढायचे, मला बघायचे, अंग आखडायचं, आणि डावीकडे वळायचे. तिकडे वर्षाचा हात पुढे व्हायचा. मग त्यांचे खांदे सैल झालेले मला पाठीकडून दिसायचे.

एकदाच बोलले. फाट्यावर उभे राहिले, लांबूनच. उन्हं कोवळी होती. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमी कोण?"

"मी शाळेत आहे, गुरुजी."

"मी तुमचं काई वाईट केलं का?"

"नाही, गुरुजी."

"मंग मले तुमची भीती काऊन वाटते?"

ते खरोखर उत्तराची वाट पाहत होते, फळ्यावरचं गणित अडलं की पोराच्या शेजारी बसून पाहायचे तसे. शेवटी मी म्हटलं, "शाळेला उशीर होतो, गुरुजी. डावीकडून जा." ते म्हणाले, "हो, हो." आणि गेले.

परीक्षा संपल्या. वर्षा त्यांना बल्लारपूरला घेऊन गेली. गाडी आली तेव्हा मी घरातच होते.

हिवाळ्यात कामानं चंद्रपूरला गेले होते, तेव्हा वर्षानं फार आग्रह केला. "या ना मॅडम. बाबा चांगले हाये आता. त्यायले काय आठवणार हाये?" मी बल्लारपूरला उतरले. तिचं घर रेल्वेफाटकाच्या पलीकडे, अगदी रस्त्यावर. मी पोचले तेव्हा फाटक पडलेलं होतं. कोळशाची मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. दोन डब्यांच्या फटीतून पलीकडचा ओटा दिसायचा आणि जायचा. खुर्ची. स्वेटर. पांढरे झालेले केस. शेजारच्या म्हाताऱ्याशी काहीतरी बोलत होते आणि हात हलवत होते.

गाडी गेली. फाटक वर व्हायला लागलं. लोकांनी सायकली पुढे काढल्या. गुरुजींनी सहज मान वर केली आणि त्यांची नजर माझ्यावर आली. ते हसले. वाटेवरच्या अनोळखी माणसाकडे बघून भला माणूस हसतो तसं.

हसू तसंच राहतं की जातं, हे बघायला मी थांबले नाही. पाठ फिरवली आणि स्टेशनकडे चालायला लागले. मागून वर्षानं दोनदा हाक मारली, ती मला ऐकू आली होती.